तिसरं रीडिंग

सोमवारी सकाळी किसन दवाखान्यात आला आणि खुर्चीत बसला. कुंदा सिस्टरांनी त्याचा रक्तदाब दोनदा मोजला आणि दोन्ही आकडे लिहिले. तिसऱ्यांदा मोजला नाही. दुपारी किसनला क्रेनवरून खाली उतरवलं.

आमच्या कारखान्याबाहेरच्या माणसाला यात काही घडलं असं वाटणार नाही. नर्सनं रक्तदाब मोजायचा आणि लिहायचा, यात विशेष ते काय? पण सिस्टरांबद्दल लिहायला बसलो की मी याच सोमवारपाशी येऊन थांबतो. त्याच्या आधीच्या सिस्टर आणि नंतरच्या सिस्टर अशा दोन सिस्टर मला आठवतात. त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी या दोघींमधली कोणती अधिक आठवते हे मला सांगता येत नाही.

आमचा कारखाना निघोज्याच्या अंगाला. चाकणचा मोठा रस्ता सोडून आत वळलं की तिसऱ्या-चौथ्या फाटकात. तापलेलं लोखंड हॅमरखाली घालून गाड्यांचे सुटे भाग घडवायचे, हे तिथलं काम. माझं काम कागदावरचं. यंत्रांबरोबर येणाऱ्या इंग्रजी सूचना मी मराठीत लिहून देतो आणि त्यांच्या पाट्या शेडमध्ये लागतात. ‘यंत्र पूर्ण थांबल्याखेरीज जाळी उघडू नये’ अशा तऱ्हेची वाक्यं. त्यामुळे मला सगळे मास्तर म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत वाचत बसायला शांत जागा हवी म्हणून मी दवाखान्यात जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी पडद्यामागचं स्टूल दाखवलं. म्हणाल्या, “वाचा. पण बेडवर पाय ठेवायचा नाही, आन् कुणी कळवळायला लागलं तर पुस्तक मिटायचं. बरं दिसत नाही ते.”

त्या मूळच्या उदगीरच्या. लग्नानंतर पुण्याकडे आल्या त्या दापोडीत, रुळालगतच्या एका गल्लीत राहिल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन मारुंजीला. बुटक्या, रुंद बांध्याच्या, साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात कात्री आणि बडीशेप. शेडमध्ये हॅमरचा ठोका पडला की आम्ही सगळे बोलता बोलता थांबतो आणि ठोका विरला की राहिलेलं वाक्य पुरं करतो. इथं काम करणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. सिस्टर थांबत नसत. ठोक्याच्या वर आवाज काढून बोलत आणि ठोका संपल्यावरही आवाज तेवढाच राही. दारापाशी रेल्वे असलेल्या माणसांचं असं होत असावं. त्यामुळे दवाखान्यात कुणाला काय झालंय हे गुपित कधीच राहत नसे. एकदा एका नव्या सुपरवायझरला मूळव्याधीचं मलम देताना त्या जे बोलल्या ते फाटकाजवळच्या वजनकाट्यापर्यंत ऐकू गेलं होतं. तो बिचारा नंतर महिनाभर कँटीनला मागच्या दारानं जायचा.

त्यांचं पालुपद होतं, “आपलं काय जातंय?” कुणाला अर्ध्या दिवसाची सुट्टी लिहून द्यायची, “आपलं काय जातंय?” बोट थोडंच कापलंय, पण पट्टी मोठी बांधायची म्हणजे सुपरवायझर आज त्याला जड काम देणार नाही, “आपलं काय जातंय?” त्यांच्या तोंडी याचा अर्थ बेफिकिरी असा नव्हता. कारखान्यात माणसाला देण्यासारखं त्यांच्या हातात फार थोडं होतं, आणि जे होतं ते त्या सढळ हातानं देत.

तिसरं रीडिंग त्यातूनच आलं.

क्रेन आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्यात रक्तदाब ठरलेल्या हद्दीच्या वर निघाला तर माणूस ‘अनफिट’ होतो. अनफिट म्हणजे खाली उतरायचं, हलकं काम घ्यायचं, भत्ता जायचा. ठेकेदाराकडचा माणूस असेल तर फाटकाबाहेरच. आता मापाची रीत अशी की माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवावं आणि मग दोनदा मोजावं. घाईत जिना चढून आलेल्याचा, घाबरलेल्याचा आकडा वर जातोच. सिस्टर तेवढं करायच्याच. पण तरीही आकडा उतरला नाही तर त्या तिसऱ्यांदा मोजायच्या, आणि तिसऱ्यांदा मोजण्याआधी त्यांचं एक वेगळंच तंत्र चालायचं. ट्यूबलाइट बंद. पडदा ओढलेला. माणसाला पाणी, मग खिडकीकडे तोंड करून बसवायचं. बाहेर सुबाभळीची झाडं होती, ती बघायची.

“मशीन बघू नको. झाड बघ. गावाकडं कोण कोण हाय?”

“आय हाय, सिस्टर.”

“मग आईचं ध्यान कर. बोलू नको आता. हात सैल सोड. सैल म्हणलं की ताठ करायलास.”

आणि खांद्यावर आपला जाड, ऊबदार हात ठेवून त्या पट्ट्यात हवा भरायच्या. तिसऱ्यांदा नाही तर चौथ्यांदा, पाचव्यांदा. एकदा तरी आकडा हद्दीच्या खाली यायचाच. तोच त्या लिहायच्या. बाकीचे हवेत गेले. “आता आलं बघ. तुझं नॉर्मलच हाय, उगा भ्यालास.” आणि त्या मनापासून तसं मानायच्या. फसवणूक करतोय असं त्यांना वाटत नसे. वरचे आकडे भीतीचे आणि खालचा आकडा माणसाचा, असा त्यांचा हिशेब होता. शेडमध्ये तर म्हणच झाली होती, ‘तिसऱ्याला होतंय.’ एखादा नट बसेना, एखादा साचा जमेना, की कुणीतरी हमखास म्हणे, “राहू दे राव, तिसऱ्याला होतंय.”

वरचे ते आकडे काही भयंकर नसायचे. वरचा एकशे पंचेचाळीस, फार तर एकशे पन्नास. त्यानं कुणाला चक्कर येत नव्हती, डोकंसुद्धा दुखत नव्हतं. गुरुवारी येणाऱ्या तरुण डॉक्टरांनी एकदा हटकलं होतं, “सिस्टर, इतक्या सगळ्यांचं नॉर्मल कसं हो?” त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “कष्टाची माणसं आहेत, डॉक्टर. खुर्चीत बसणाऱ्यांना होतं ते.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत बसणारा होतो.

इस्माईलभाई आले तो गुरुवारच होता. त्यांनी आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवली होती आणि निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते. साधंसं हर्नियाचं ऑपरेशन करायचं म्हणून तपासण्या केल्या, त्यात निघालं ते दुसरंच. लघवीतून प्रथिनं जात होती. रक्तातला एक आकडा मूत्रपिंडं मंदावल्याचं सांगत होता. आणि हृदयाची सोनोग्राफी केली तर डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. हे मात्र त्यांनी नंतर सांगितलं. आधी त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडून टेबलावर ठेवला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं.

“सिस्टर, वो डॉक्टरने मला विचारलं, बीपी कितने साल से आहे? मी म्हटलं, मला बीपी कुठला? आमच्या कंपनीत सहा महिन्याला चेक होतंय. आमच्या सिस्टरला विचारा, हमेशा नॉर्मल.”

ते हसत होते. त्यांना खरोखरच कुणाला बोल लावायचा नव्हता. एवढी वर्षं नॉर्मल असताना हे एकदम कुठून आलं, एवढीच त्यांना शंका होती, आणि ती विचारायला त्यांना कारखान्यात हक्काचं माणूस सिस्टरच वाटत होतं.

सिस्टरांनी रिपोर्ट हातात घेतला. वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग डॉक्टरांपुढे ठेवून म्हणाल्या, “हे एकदम नाही ना झालेलं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “याला वर्षं लागतात. थोडासाच वाढलेला असतो, म्हणून कुणी बघत नाही.”

इस्माईलभाई म्हणाले, “जाऊ द्या, सिस्टर. टाइमावर पकडलं म्हणालेत. गोळ्या चालू केल्यात. पेढा घ्या.”

सिस्टरांनी पेढा घेतला. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मला दिसलं, तो पेढा त्यांच्या रुमालात तसाच होता.

त्यानंतर आठवडाभर त्या डॉक्टरांना फोन करून खोदून खोदून विचारत राहिल्या. नर्सिंग शिकताना हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि इस्माईलभाई या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी शेजारी आल्या नव्हत्या. मूत्रपिंडात बारीक चाळण्या असतात. दाब थोडा जास्त राहिला तर त्या फुटत नाहीत, नुसत्या सैल पडतात आणि राहायला हवं ते निसटू लागतं. हृदयाचंही तसंच. रोज थोडा जास्त जोर लावावा लागला की त्याचा स्नायू पहिलवानाच्या दंडासारखा फुगतो. फक्त दंड फुगला तर आपण मिरवतो. हृदय फुगलं की ताठर होतं आणि त्याला नीट सैल पडता येत नाही.

एके दिवशी त्यांनी मला पाटी लिहायला सांगितली. मी घरी जाऊन दोन संध्याकाळी खपून लिहिली. ‘उच्च रक्तदाब हा लक्षणविरहित असल्याने’ अशी सुरुवात होती. त्यांनी चष्मा लावून वाचली.

“मास्तर, हे तुम्ही तुमच्यासाठी लिहिलंय. हॅमरवरच्या माणसासाठी कुठंय?”

“मग कसं लिहू?”

“प्रेसची तेलाची नळी बघितलीय का? प्रेशर जरा जास्त ठेवलं तर फुटत नाही ती. जोडापाशी पाझरायला लागते. वरून पुसलं की कोरडी दिसती. हे समद्यांना कळतंय. असं लिहा.”

मी तसं लिहिलं. ती पाटी मी लिहिलेल्या पाट्यांमधली एकुलती एक आहे जी लोक थांबून वाचतात.

पाटी लागली, पण खरा प्रश्न किसनचा होता, आणि तो येणार हे सिस्टरांना ठाऊक होतं. पुढच्या सोमवारी क्रेनवाल्यांची तपासणी होती. किसनचा आकडा पहिल्या दोन वेळांना कधीच हद्दीत आलेला नव्हता. त्याआधीच्या शुक्रवारी त्यांनी त्याला लघवीची पट्टी करायला लावली. पट्टीचा रंग बदलला, म्हणजे प्रथिनं जात होती. इस्माईलभाईंच्या वाटेवर तो लागलेला होता, फक्त थोडा मागे होता.

किसन निघोज्याचा, जुन्या घरातला. आमची शेड जिथं उभी आहे तिथं त्याच्या वडिलांचं रान होतं. क्रेनची केबिन छताला लागून. शिडी चढून एकदा आत बसला की पाळी संपेपर्यंत तो खाली येत नसे. वरून त्याला बांध कुठं होता, विहीर कुठं होती ते सांगता यायचं. “हॅमर हाय ना, तितं आमची हिर व्हती. आबा तितंच जेवायला बसायचा,” असं तो नव्या माणसाला सांगे, आणि पुढे म्हणे, “वरून मपलंच रान दिसतंय. पगार कंपनी देती.” मपलं म्हणजे माझं; तो गंमत करतोय की नाही हे कळत नसे. उतरावं लागू नये म्हणून तो दिवसभर पाणी जवळजवळ प्यायचाच नाही आणि डब्यात खारवलेली मिरची मात्र रोज असायची.

तर त्या सोमवारी तो आला, बसला, आणि सवयीनं खिडकीकडे तोंड केलं. सिस्टरांनी पाच मिनिटं त्याला बसू दिलं. दोनदा मोजलं. लिहिलं. पट्टा सोडला.

किसन म्हणाला, “झालं?”

“झालं.”

“लाइट बंद न्हाई केली.”

“नाही.”

त्यानं हात पुन्हा टेबलावर ठेवला. “सिस्टर, येकडाव बगा की. तुमी कायम बगता.”

“कायम बघितलं म्हणूनच सांगायले. दोनदा बघायचं असतं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा नाही, किसन.”

“मला खाली आणतील.”

“गोळी चालू कर. उतरलं की डॉक्टर फिट लिहून देतील. मी चिठ्ठी देते.”

“गोळीचं सोडा. म्या इचारतो, आज काय झालं तुमाला? मपलं एकल्याचंच का?”

“तुझं एकट्याचं नाही. सगळ्यांचंच.”

“पर सुरवात माझ्यापून.”

सिस्टरांनी चिठ्ठी लिहून पुढे केली. किसननं चिठ्ठी घेतली, दाराबाहेर जाऊन ती चुरगाळली आणि हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या बादलीत टाकली. पडद्यामागून मला दिसत होतं. सिस्टरांनाही दिसलं.

दुपारी त्याला खाली आणलं. क्रेनच्या हुकात साखळ्या अडकवायचं काम दिलं. आपल्याच क्रेनला, दुसरा माणूस वर बसलेला असताना.

त्यानंतरचे काही महिने मला दवाखान्यात वाचायला हवी होती त्याहून जास्त शांतता मिळाली. लोक येईनासे झाले. बोट कापलं तर रुमाल बांधून काम करायचे. ताप आला तर गोळी बाहेरून आणायचे. ‘सिस्टर आता मालकाची झाली’ हे वाक्य कँटीनमध्ये फिरत होतं आणि आवाज मोठा असलेल्या माणसाला लोकांचं हळू बोललेलंही ऐकू येतं, तसं ते त्यांच्यापर्यंत पोचलं. त्या मला म्हणाल्या, “मालकाला तर माझं नावबी माहीत नाही.” मग बडीशेप तोंडात टाकून खिडकीबाहेर बघत बसल्या. ‘आपलं काय जातंय’ हे शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

किसन त्यांच्याशी बोलत नव्हता. फाटकातून बाहेर पडताना त्या पुढे असल्या तर तो मागे थांबे. त्याहून वाईट म्हणजे तो गोळीही घेत नव्हता. “उतरवलं तर उतरवलं,” तो लोकांना सांगे, “आता कशाला खाऊ?” सिस्टरांना जेवण गोड लागत नव्हतं ते यामुळे. नोकरीचं नुकसान त्यांच्या हातून झालंच होतं. ते ज्यासाठी केलं ते मूत्रपिंडही वाचत नव्हतं.

मग एके दिवशी त्या स्वतःच शेडमध्ये गेल्या. सकाळच्या चहाची वेळ. एका हातात स्टूल, दुसऱ्यात रक्तदाब मोजायचं बटणाचं यंत्र. चहाच्या टेबलाशेजारी स्टूल ठेवलं आणि आपल्या त्या आवाजात म्हणाल्या, “या कुणीतरी. लिहिणार नाही काही. नुसतं बघू.”

कुणी आलं नाही. जो तो कपात बघत होता. एकानं बाही खाली ओढली. मी माझ्या पाटीचं माप घ्यायला तिथं गेलो होतो. मला वाटलं आपण पुढे व्हावं, पण मास्तरचा हात बघून कुणाचं समाधान झालं नसतं.

सिस्टर काही वेळ उभ्या राहिल्या. मग स्टुलावर त्याच बसल्या. कोटाची बाही वर केली, पट्टा स्वतःच गुंडाळला, बोलणं बंद केलं आणि समोर बघत राहिल्या. पाच मिनिटं एवढी माणसं चहा पीत एका बाईला गप्प बसलेली बघत होती. मग त्यांनी बटण दाबलं. आकडा आला तेव्हा त्यांनी यंत्र उलटं फिरवून सगळ्यांकडे केलं. एकशे छप्पन्न, अठ्ठ्याण्णव.

कुणीतरी म्हणालं, “सिस्टर, हे तुमचं हाय का प्रेसचं?”

हशा झाला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आकडा दोनानं उतरला, एवढंच.

तेव्हा मागून, साखळ्यांच्या ढिगापासून किसन बोलला. कितीतरी दिवसांनी. “पानी प्या, सिस्टर. झाडाकडं बगा जरा. तिसऱ्याला होतंय.”

या वेळी कुणी हसलं नाही. सिस्टरांनी पट्टा सोडला. “नाही,” त्या म्हणाल्या. “एवढंच आहे माझं. लई वर्षांपासून एवढंच असंल. मी माझंबी तिसरंच धरत होते.”

स्टूल उचलून त्या निघून गेल्या. बाही खाली करायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत किसन दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. चौकटीला टेकून म्हणाला, “ते गोळीनं खरंच उतरतं का?”

“मला काय माहीत?” सिस्टर म्हणाल्या. “मीबी आजपासूनच घ्यायलेय. दोघं मिळून बघू.”

किसन आत आला. त्याला बसायला मी माझं स्टूल दिलं.

सिस्टरांच्या तपासण्या गुरुवारच्या डॉक्टरांनी करून घेतल्या. लघवीत प्रथिनं होतीच. हृदयाची भिंत जाड होती, इस्माईलभाईंपेक्षा थोडी जास्तच. सिस्टरांनी ते रिपोर्ट दाखवले तेव्हा त्यांना लाज वाटत असावी असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, “बरं झालं. आता मला कुणी मालकाची म्हणणार नाही.”

किसन आणि सिस्टर यांची मग एक विचित्र जोडी जमली. गोळी घेतली का, मीठ किती खाल्लं, याचा जाब दोघं एकमेकांना विचारायचे. सिस्टरांना उदगीरकडच्या सगळ्या खारट गोष्टी जीव की प्राण. शेंगदाण्याची चटणी, सांडगे, ताकातली मिरची. मुलगी पापड पाठवायची. ते पापड त्या डब्यात आणायच्या आणि माझ्यापुढे ठेवायच्या. “तुम्ही खा, मास्तर. मी बघते.” आणि खरंच बघायच्या. मी पापड मोडला की त्यांचा चेहरा प्रसन्न व्हायचा. किसननं एकदा हे पाहिलं आणि म्हणाला, “सिस्टर, बगूनबी चढतं बरं का.”

“तुझी मिरची दाखव आधी.”

“न्हाई आणली.”

“डबा उघड.”

डब्यात मिरची होती. तिचं काय करायचं यावर दोघांत बराच वाद झाला आणि शेवटी तीही माझ्या पानात आली.

लोक हळूहळू पुन्हा येऊ लागले. सगळेच नाहीत, काही शेवटपर्यंत रागातच राहिले आणि त्यांचा राग चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. ठेकेदाराकडच्या एका माणसाला खरंच फाटकाबाहेर जावं लागलं. सिस्टरांनी त्याच्यासाठी दोन कारखान्यांत शब्द टाकला, काम लागलं नाही, तो गावी गेला. त्याचं नाव त्या अधूनमधून आपणहून काढायच्या. किसनचा आकडा मात्र उतरला. आधी थोडा, मग हद्दीत. काही महिने तो तिथंच राहिला तेव्हा डॉक्टरांनी सही केली आणि किसन पुन्हा शिडी चढला. जाताना पाण्याची बाटली कंबरेला बांधलेली होती आणि कुरकूर चालली होती की आता दिवसातनं दोनदा उतरावं लागणार. सिस्टर दवाखान्याच्या दारातून बघत होत्या. तो वर पोचल्यावर त्या आत आल्या आणि ट्रेमधली कात्री, चिमटे विनाकारण पुन्हा नीट लावू लागल्या.

त्यांचा स्वतःचा आकडा हट्टी निघाला. दोन गोळ्यांच्या तीन झाल्या. प्रथिनं कमी झाली, पण जिना चढल्यावर त्या थांबायला लागल्या. आम्हाला वाटायचं वय झालंय. त्याही तसंच म्हणायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शुक्रवारी संध्याकाळी. मी एरवी वाटेत उतरून चिंचवडला जाणारा, पण त्या दिवशी पुण्यात पुस्तकं बघायला जायचं होतं म्हणून दापोडीपर्यंत त्यांच्याच बसमध्ये होतो. दापोडीला त्या उतरल्या. बस सुटणार तोच त्यांनी पत्र्यावर हात आपटला, ड्रायव्हरनं ब्रेक लावला. त्या माझ्या खिडकीखाली येऊन म्हणाल्या, “मास्तर, सोमवारी नव्या पोरांचं मेडिकल हाय. लवकर जेवून घ्या. खोली लागंल मला.” सगळी बस ऐकत होती. मी बरं म्हटलं. त्या वळल्या आणि गल्लीकडे चालू लागल्या. रेल्वेगाडी जात होती. भाजीवाल्याशी त्या काहीतरी बोलत होत्या, आणि गाडीच्या आवाजातही तो मान हलवत होता, म्हणजे त्याला ऐकू जात असणार.

रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना त्या खाली बसल्या. शेजारच्यांनी रिक्षात घातलं तोवर संपलं होतं. हृदयाचं असेल, आमचे गुरुवारचे डॉक्टर म्हणाले. जाड झालेल्या हृदयाचा ठेका कधीकधी एकाएकी चुकतो. नक्की सांगता येत नाही असंही म्हणाले. उपचार दहा वर्षं आधी सुरू झाले असते तर, असं मुलीनं विचारलं.

स्मशानात किसन माझ्याशेजारी उभा होता. म्हणाला, “सोताचं आदी बगायला पायजे व्हतं त्यांनी.” थोड्या वेळानं, “मपलं बगितलं.”

दवाखान्यात आता दुसऱ्या सिस्टर आहेत. त्या हळू बोलतात. रक्तदाब दोनदा मोजतात आणि दोन्ही आकडे लिहितात. इथली ती रीतच आहे असं त्यांना वाटतं. इस्माईलभाईंचं मूत्रपिंड होतं तिथंच थांबलंय. किसन क्रेनवर आहे, आणि गेल्या तपासणीत त्याच्या लघवीत प्रथिनं नव्हती. सिस्टर नाहीत.